जुना ड्रायव्हर

हेल्टरमाच्या धक्क्यावरून सकाळची बोट सुटली,
भोंगा इथवर ऐकू आला.
मी हेल्यूच्या स्वयंपाकघरात
तिच्या नवऱ्याचा लॅपटॉप मांडीवर घेऊन.
बाहेर उणे अकरा.

"नेट गेलंय," ती फोनवर म्हणाली होती,
वीज गेली, पाणी गेलं म्हणावं तसं.
गेलं नव्हतं कुठेच.
राउटर फ्रीजवर हिरवा डोळा मिचकावत होता,
माझा फोन पहिल्या हाकेला जोडला गेला.
फक्त या एका यंत्राला ऐकू येत नव्हतं.

डिव्हाइस मॅनेजर उघडला.
नेटवर्क अडॅप्टरच्या ओळीला पिवळा त्रिकोण,
आत उद्गारचिन्ह.
हे उपकरण सुरू होऊ शकत नाही. कोड दहा.
आणि सल्ला असा: योग्य ड्रायव्हर नेटवरून उतरवून घ्या.
म्हणजे विहिरीत उतरायला दोर हवा
आणि दोर विहिरीच्या तळाशी.
हेल्यूला हे सांगितलं तर हसली नाही.
"पेन्शनच्या ऑफिसातही असंच असतं."

मी पेनड्राइव्ह काढला.
कार्दलाच्या वाचनालयातून रात्रीच भरून आणलेला
सगळ्यात नवा ड्रायव्हर.
घातला. बंद केलं, चालू केलं.
त्रिकोण.
मागचं झाकण उघडून कार्ड काढलं, फुंकर मारली,
केसाएवढ्या दोन तारा नखाने दाबून बसवल्या.
त्रिकोण.

"ड्रायव्हर म्हणजे काय रे, यात?"
गाडी धड आहे, म्हटलं, रस्ताही मोकळा आहे,
पण स्टिअरिंगवर बसलेल्याला ही गाडी कळत नाही.
ती एकदम ताठ बसली.
एन्देलने एकतीस वर्षं या बेटावरची बस चालवली होती.
"तिचा दुसरा गिअर फक्त त्याचं ऐकायचा.
बदली माणूस आला की कास्सारीच्या वळणावर बंद.
त्याच्याकडे परवाना होता, नवी टोपी होती,
सगळं होतं."

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.
नवा काढून टाकला. मागे गेलो,
त्याच्याही मागे,
आपोआप झालेल्या अपडेटच्या आधीच्या
सात वर्षं जुन्या ड्रायव्हरकडे.
पुन्हा चालू केलं. त्रिकोण नाही.
"बघ," हेल्यू म्हणाली, जणू तिनेच केलं.
तसं पाहिलं तर तिनेच.

नेटवर्क दिसलं, नावही एन्देलचंच,
पण दार उघडेना.
मुलाने नाताळात राउटर बदलला, नाव तेच ठेवलं,
पासवर्ड नवा.
यंत्र जुनी किल्ली फिरवत बसलेलं.
अशा वेळी त्याला आधी विसरायला लावावं लागतं.

ओळखीच्या नेटवर्कांची यादी उघडली.
घर. फेरीबोट.
इस्पितळ, पाहुण्यांसाठी.
मुलाचा फ्लॅट, तुर्कू.
आणि रिगामधलं एक हॉटेल.

हेल्यू चष्मा पुसून वाकली.
"रिगाला तो कधी गेलाच नव्हता."

यादीत तारखा नसतात.
कोण सोबत होतं, किती रात्री, काही नसतं.
एवढंच, की इथे एकदा जोडला गेला होता
आणि परत गेला असता तर ओळख पटली असती.
प्रत्येक नावापुढे एकच बटण: विसरा.

"हे काढू?" मी विचारलं. विचारायला नको होतं.
किटली उकळून आपोआप बंद झाली.
"तिथे रेंज कशी होती, कळतं का यात?"
"नाही."
"मग राहू दे."

मी फक्त घर विसरायला लावलं,
फ्रीजवरच्या चिठ्ठीतला पासवर्ड घातला.
सगळ्या रेघा भरल्या.
लगेच कोपऱ्यात पाटी: नवा ड्रायव्हर उपलब्ध आहे.
आत्ता नको, दाबलं. मग कधीच नको.

पैसे मी घेतले नाहीत. तिने धुरावलेला मासा
वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.
बूट घालताना दिसलं,
ती लॅपटॉपपुढे बसली होती, एका बोटाने कळ शोधत.
बोट ई वर टेकलं, एन्देलच्या ई वर, सवयीने.
मग शेजारी सरकलं.
शेजारीच असतो, आर.